तुकड्यांची जमीन, घरची वाईन: बर्गंडीतलं एक कुटुंब वायनरी कशी चालवतं

प्रश्न थोडक्यात असा आहे. दिंडोरीकडची सात एकर द्राक्षबाग. चार एकर खाण्याची द्राक्षं, तीन एकर शिराझ ही वाईनची द्राक्षं, जी करारावर वायनरीला जातात. तिघे भाऊ, वाटणी तोंडावर आलेली. कुणाकडून तरी ऐकलं की फ्रान्सच्या बर्गंडीत दहा-वीस एकरवाली घरं, तीही इकडेतिकडे विखुरलेल्या तुकड्यांवर, जगात नावाजलेली वाईन करतात. हे त्यांना परवडतं कसं, प्रत्येक तुकड्याची वाईन वेगळी का ठेवतात, आणि यातलं आपल्याकडे काय चालेल?

मी बर्गंडीत अशाच एका घरच्या वायनरीत छाटणीपासून बाटली भरण्यापर्यंतची कामं केली आहेत, आणि आता नाशिक जिल्ह्यात वाईन करतो. त्यामुळे दोन्हीकडचं डोळ्यांसमोर ठेवून लिहितो. आधी थेट उत्तर. बर्गंडीच्या शेतकऱ्याला वाटणी टाळता आली नाही. आपल्यापेक्षा जास्तच वाटण्या तिथे झाल्या. मात्र हाती आलेला तुकडा त्याने वेगळा ओळखला, वेगळा पिकवला, वेगळा आंबवला आणि त्या तुकड्याच्या नावानेच विकला. तुकडे लहान आहेत म्हणून तिथली घरं मोडली नाहीत. आज ती मोडतायत ती तुकड्यांची किंमत अफाट वाढल्यामुळे. हे दुसरं आपल्याकडे कुणी सांगत नाही, म्हणून उत्तर लांबणार आहे.

जमीन कशी आहे ते आधी पाहू. बर्गंडीचा गाभा म्हणजे कोत दॉर. दिजों शहराच्या दक्षिणेला सुरू होणारी, जेमतेम पन्नास किलोमीटर लांबीची, पूर्वेकडे तोंड असलेली उतरण. बागांच्या पट्ट्याची रुंदी बऱ्याच ठिकाणी दोन किलोमीटरही भरत नाही. उत्तरेचा भाग कोत द न्वी. तिथे मुख्यतः पिनो न्वार या काळ्या द्राक्षाची लाल वाईन होते. दक्षिणेचा भाग कोत द बोन. तिथे पिनोबरोबर शार्दोनेची पांढरी वाईन. माथ्यावर झाडी आणि पातळ माती, पायथ्याला खोल, पाणी धरून ठेवणारी चिकण माती, आणि मधे चुनखडीवरचा हलका निचऱ्याचा पट्टा. समुद्रसपाटीपासून साधारण २५० ते ३०० मीटरवरच्या या मधल्या पट्ट्यात सगळ्यात मानाच्या बागा आहेत. पायथ्यातून गावागावांना जोडणारा जुना हमरस्ता जातो. बऱ्याच गावांत या रस्त्याच्या वरच्या अंगाच्या आणि खालच्या अंगाच्या द्राक्षांच्या दरात कित्येक पटींचा फरक पडतो.

या उतारावरच्या प्रत्येक तुकड्याला नाव आहे, हद्द आहे, इतिहास आहे. अशा तुकड्याला तिकडे ‘क्लिमा’ म्हणतात. २०१५ मध्ये युनेस्कोने असे १,२४७ क्लिमा जागतिक वारसा यादीत घेतले. कायद्याने त्यांच्या चार पायऱ्या लावल्या आहेत: सगळ्यात खाली प्रदेशाच्या नावाची साधी बर्गंडी, मग गावाच्या नावाची, मग ‘प्रीमिए क्रू’, आणि शेंड्यावर ‘ग्राँ क्रू’. ग्राँ क्रू फक्त ३३ आहेत आणि एकूण उत्पादनात त्यांचा वाटा दोन टक्क्यांच्या आतबाहेरच आहे. रोमाने-काँती ही सगळ्यात प्रसिद्ध बाग १.८१ हेक्टर, म्हणजे साडेचार एकर. तिच्या वरच्या अंगाची ला रोमाने तर ०.८५ हेक्टर, म्हणजे दोन एकरांहून जराशी मोठी. आणि हे स्वतंत्र कायदेशीर वाईन-क्षेत्र आहे.

आता तुकडे कसे पडले ते बघा, कारण सगळी गोष्ट तिथून सुरू होते. मध्ययुगात यातल्या मोठ्या बागा मठांच्या होत्या. १०९८ मध्ये स्थापन झालेल्या सितो मठाच्या साधूंनी वूजो गावात जमीन जोडत जोडत सुमारे पन्नास हेक्टरांची एक बाग केली आणि तिला दगडी भिंत घातली. तीच क्लो द वूजो. फ्रेंच राज्यक्रांतीत चर्चची मालमत्ता जप्त होऊन लिलावात निघाली. पुढे १८०४ च्या नेपोलियनच्या संहितेने सगळ्या मुलांना वारसाहक्क दिला. थोरल्याला सगळं आणि बाकीचे मोकळे, असं करायची सोय राहिली नाही. मुलींनाही हिस्सा. पिढ्यांमागून पिढ्या वाटण्या आणि विक्री होत गेली. क्लो द वूजोची भिंत आजही तशीच उभी आहे, पण आत सुमारे ऐंशी मालक आहेत. कुणाकडे काही ओळी, कुणाकडे दोन-तीन एकर. सगळ्यांच्या बाटलीवर एकच नाव, ‘क्लो द वूजो ग्राँ क्रू’, पण वरच्या भागातल्या हलक्या जमिनीतली आणि खाली रस्त्यालगतच्या ओलसर जमिनीतली वाईन चवीला सारखी नसते. म्हणून तिथे बाटली घेताना बागेच्या नावाइतकंच घराचं नाव वाचावं लागतं.

एका घराचं उदाहरण देतो, कारण वाटणीचा प्रश्न तुमचा आहे. वोन-रोमाने गावातलं ग्रो घराणं. लुई ग्रो यांच्या पश्चात त्यांच्या चार मुलांनी काही वर्षं जमीन एकत्र ठेवली आणि १९६३ मध्ये वाटणी केली. जाँ वेगळे झाले, फ्रांस्वा वेगळे झाले, आणि ग्युस्ताव व कोलेत या भाऊ-बहिणीने आपले दोन हिस्से एकत्र ठेवून ‘ग्रो फ्रेर ए सर’, म्हणजे ग्रो भाऊ-बहीण, या नावाने वायनरी चालवली. पुढच्या पिढीत जाँ यांची तीन मुलं. मिशेल यांनी स्वतःच्या नावाने काम सुरू केलं, बेर्नार यांनी काका-आत्याची वायनरी सांभाळायला घेतली, आन-फ्रांस्वाज लग्न करून पोमारला गेल्या आणि त्यांनी आपल्या हिश्शाची वाईन आपल्या नावाने काढली. फ्रांस्वा यांची मुलगी आन वेगळी. आज त्या एका घराच्या चार वायनऱ्या आहेत आणि चारही नावाजलेल्या आहेत.

यातली मला सगळ्यात शिकण्यासारखी वाटणारी गोष्ट क्लो दे रेआ या बागेची. २.१२ हेक्टरांची, भिंतीने बंदिस्त, १८६० पासून अखंड त्याच घराकडे. वाटणीत ही बाग तोडायची नाही असं ठरलं आणि ती अख्खी मिशेल यांच्याकडे गेली. रिशबूर हे ग्राँ क्रू दर्जाने तिच्यापेक्षा किती तरी वरचं, पण वाटणीत मिशेल यांच्या वाट्याला रिशबूर आलं नाही. ते भावंडांकडे आणि चुलत बहिणीकडे गेलं. सगळ्या तुकड्यांचे तीन-तीन भाग पाडून समान वाटणी करणं सोपं होतं. त्यांनी कुठला तुकडा अख्खा राहिल्याने जास्त मोलाचा ठरतो, याचा विचार केला.

तर अशा घराची जमीन बघायला गेलात तर काय दिसेल? आठ हेक्टर, म्हणजे वीस एकरांच्या आसपास, हे चांगलं मध्यम आकाराचं घर. ही वीस एकर पंधरा-वीस ठिकाणी विखुरलेली. बोलताना कुणी हेक्टर म्हणत नाही, ‘ऊव्रे’ म्हणतात. एक ऊव्रे ४.२८ आर, आपले साधारण सव्वाचार गुंठे. एका माणसाच्या हातून दिवसभरात उरकेल एवढी जमीन, हे तिचं जुनं माप. ‘त्या बागेत आमच्या पाच ऊव्रे आहेत’ असं म्हातारी माणसं सांगतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे ओळी असतात. बांध बहुतेक ठिकाणी नाहीतच. तुमची शेवटची ओळ आणि शेजाऱ्याची पहिली ओळ यांत एक मीटर अंतर. शेजारी तणनाशक मारत असेल आणि तुम्ही सेंद्रिय करत असाल तर ती शेवटची ओळ कायमची डोकेदुखी.

जमीन घरची असली तरी सगळी मालकीचीच असते असं नाही. बटईची पद्धत तिथे आजही जिवंत आहे. तिला ‘मेतेयाज’ म्हणतात. कसणारा बाग सांभाळतो आणि मालकाला पिकाचा हिस्सा देतो, बऱ्याचदा तिसरा किंवा निम्मा, कधी द्राक्षांच्या रूपात तर कधी वाईनच्या. खंडाने जमीन घेण्याची पद्धत तर सर्रास. बर्गंडीत दंतकथा झालेले आंरी जायेर हे स्वतः मोठे जमीनदार नव्हते. वोन-रोमानेतल्या काम्युझे घराण्याच्या बागा ते कित्येक वर्षं बटईने करत होते, आणि त्यांच्या नावलौकिकातला मोठा भाग त्या दुसऱ्याच्या जमिनीवर उभा राहिला. जमीन कुणाची यापेक्षा ती कोण कसतो याला तिथल्या गावात मान आहे, आणि मला तो बरोबर वाटतो.

आता बागेतलं काम. आपल्याकडे एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी, अशा दोन. वेल आपल्याकडे खऱ्या अर्थाने झोपत नाही. तिकडे नोव्हेंबरमध्ये पान गळतं आणि वेल मार्चपर्यंत निजलेली असते. छाटणी एकच, हिवाळ्यात, डिसेंबर ते मार्च. अंतर साधारण एक मीटर बाय एक मीटर, हेक्टरी दहा हजार वेली, म्हणजे एकरी चार हजार. आपल्याकडे नऊ बाय पाचवर एकरी हजाराच्या आतबाहेर वेली बसतात आणि मांडव किंवा वाय आकाराचा ताराधार डोक्याच्या उंचीवर असतो. तिकडे फळ गुडघ्याच्या उंचीवर येतं, जमिनीच्या उबेजवळ. म्हणून तोडणी, छाटणी, वांझ फूट काढणं सगळं कमरेत वाकून. ट्रॅक्टरही वेगळा: उंच पायांचा, ओळीच्या डोक्यावरून जाणारा. काही घरं आता माती दबू नये म्हणून पुन्हा घोड्याने नांगरतात.

छाटणीत एका वेलीवर एक लांब काडी ठेवतात, पाच ते आठ डोळ्यांची, आणि तिच्या खाली दोन डोळ्यांचा एक खुंटा, पुढच्या वर्षाची काडी त्यातून घ्यायला. ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात प्रत्येक वेलीपुढे उभं राहून ठरवावं लागतं, कारण तुम्ही या वर्षीचा माल छाटत नसता, पुढची वीस वर्षं छाटत असता. जुन्या लाकडावर मोठा काप घेतला की त्या जखमेच्या आत लाकूड कोरडं पडत जातं, सुळक्यासारखं खोलवर. रस वाहण्याची वाट तिथे तुटते, बुरशी शिरते, आणि दहा वर्षांनी ऐन जुलैत वेल अचानक वाळून उभी राहते. या रोगाला ते ‘एस्का’ म्हणतात आणि आज तिथल्या जुन्या बागांचा तो मोठा शत्रू आहे. म्हणून चांगला छाटणारा काप नेहमी लहान घेतो, वेलीच्या दोन्ही बाजूंना रसाची वाट चालू ठेवतो आणि काप घेताना काडीच्या जाडीएवढं लाकूड राखून ठेवतो, म्हणजे कोरडं पडलं तरी ते त्या राखलेल्या तुकड्यातच पडतं. कापलेल्या काड्या तिथेच जाळतात. जुना तेलाचा पिंप उभा कापून त्याला हातगाडीचं चाक लावलेलं असतं. ती पेटती गाडी ओळीतून सोबत ढकलत न्यायची. शून्याखालच्या थंडीत बोटं शेकायला तेवढीच ऊब. ही छाटणीची नजर आपल्याकडे सरळ आणता येते, त्याला हवामान आड येत नाही.

कलमाबद्दल तुम्हाला सांगायला नको, आपण डॉगरिज खुंटावर कलम करतोच. त्यामागची कथा तिकडचीच. फिलोक्सेरा ही मुळं खाणारी कीड १८७८ मध्ये कोत दॉरमध्ये मर्सो गावात सापडली आणि जुन्या जवळजवळ सगळ्या बागा गेल्या. अमेरिकी खुंटावर कलम करून त्या परत उभ्या कराव्या लागल्या. आधी वेली जमिनीत दाबून, दाटीवाटीने, ओळींशिवाय वाढवत. सरळ ओळी आणि तारा तेव्हापासून आल्या.

उत्पादन किती? नियमाने ग्राँ क्रू लाल वाईनला हेक्टरी साधारण ३५ हेक्टोलिटर (एक हेक्टोलिटर म्हणजे शंभर लिटर) आणि गावाच्या लाल वाईनला ४० च्या आसपास मर्यादा असते, वर्षागणिक थोडी इकडेतिकडे. चाळीस हेक्टोलिटर म्हणजे एकरी दोन टनांहून थोडी जास्त द्राक्षं, वेलीला अर्धा किलोच्या आसपास. पिनोचा घड मुठीएवढा, मणी एकमेकांना घट्ट चिकटलेले. सप्टेंबरात दोन दिवस पाऊस लागला तर आतून कूज धरते आणि बाहेरून कळतही नाही. भुरी आणि डाऊनी हे बुरशीचे रोग तिथेही आहेत. सेंद्रिय करणाऱ्यांना गंधक आणि मोरचूद एवढाच आधार, आणि मोरचुदातल्या तांब्यावर युरोपचं बंधन: सात वर्षांत हेक्टरी २८ किलो. २०२४ सारख्या ओल्या वर्षी पावसाने फवारणी धुऊन जाते आणि मोजूनमापून पुन्हा फवारावं लागतं. विखुरलेल्या पंधरा तुकड्यांवर ही फवारणी वेळेत गाठणं, हीच लहान घराची खरी कसोटी. एका ठिकाणी सलग वीस एकर असलेला माणूस सकाळी सुरुवात करून दुपारी मोकळा होतो. यांचा अर्धा वेळ रस्त्यावर जातो.

पण विखुरलेपणाचा एक फायदाही आहे आणि तो गारपिटीच्या वर्षी दिसतो. २०१२, २०१३ आणि २०१४ अशी सलग तीन वर्षं पोमार, वोल्ने आणि बोन या गावांना गारांनी झोडपलं. ज्यांचे सगळे तुकडे त्या एकाच पट्ट्यात होते त्यांची तळघरं अर्धी रिकामी राहिली. ज्यांच्या काही ओळी चार गावं पलीकडे होत्या त्यांना निदान त्या वाईनने तगवलं. दंवाचं मात्र तसं नाही, ते एकाच रात्री बऱ्याच गावांना गाठतं. २०१६ आणि २०२१ च्या एप्रिलमध्ये कोवळे कोंब जळाले. शार्दोने आधी फुटते, म्हणून २०२१ मध्ये पांढऱ्या वाईनचं नुकसान सगळ्यात मोठं. रात्री ओळींमधून शेकडो मेणाचे डबे पेटवतात, ओला पेंढा जाळून धूर करतात, कारण थंडीने गोठलेल्या कोंबावर सकाळचं थेट ऊन पडलं की तो करपतो. काही जण आता मुद्दाम छाटणी उशिरा करतात, म्हणजे फूटही काही दिवस उशिरा येते.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. गावागावांत द्राक्ष-शेतकऱ्यांचा संरक्षक संत व्हँसाँ याच्या नावाने परस्पर साहाय्य मंडळं आहेत. कुणी आजारी पडला किंवा घरातला कर्ता गेला तर मंडळातले बाकीचे त्याची छाटणी, नांगरट उरकून देतात. १९३८ पासून जानेवारीच्या अखेरीस या सगळ्या मंडळांची एकत्र यात्रा दर वर्षी वेगळ्या गावात भरते. पर्यटक तिला वाईनचा सण समजतात. तिचा गाभा ही मदतीची बांधिलकी आहे, आणि एवढ्या लहान लहान घरांचा प्रदेश टिकला त्यात तिचा वाटा मोठा आहे.

आता तळघर, आणि तुकड्यांची वाईन वेगळी ठेवण्याचा तुमचा प्रश्न. हिशोब करून दाखवतो. समजा एका प्रीमिए क्रूमध्ये घराच्या पाच ऊव्रे आहेत, म्हणजे ०.२१ हेक्टर. चाळीस हेक्टोलिटरच्या हिशोबाने वाईन निघाली साडेआठ हेक्टोलिटर, ८५० लिटर. बर्गंडीचं ओकचं पिंप २२८ लिटरचं, त्यात तीनशेच्या आसपास बाटल्या बसतात. म्हणजे या तुकड्याची वाईन झाली पावणेचार पिंपं. पिंप अर्धवट ठेवता येत नाही, रिकाम्या जागेतली हवा वाईनचं व्हिनेगर करते. मग तीन पिंपं भरायची, एक ११४ लिटरचं अर्धं पिंप भरायचं, आणि उरलेले पन्नास-साठ लिटर काचेच्या मोठ्या बाटल्यांत काठोकाठ भरून ठेवायचे. लाकडातून दर आठवड्याला थोडी थोडी वाईन उडून जाते. ती तूट या उरलेल्या वाईनने भरत राहायची, त्याच तुकड्याच्या. तळघरात खडूने खुणा केलेली अशी पंधरा नावांची पिंपं शेजारी शेजारी असतात. कामाला सुरुवात केली की पहिली ताकीद मिळते ती हीच: झारी कुठल्या पिंपात बुडवली होती ते लक्षात ठेव.

हा एवढा खटाटोप का? एक कारण कायद्याचं: दोन प्रीमिए क्रू एकत्र केले तर तुकड्याचं नाव लावता येत नाही, दर खाली येतो. पण खरं कारण चवीत आहे. एकच माणूस, एकच जात, तेच टाकीतले दिवस, तसलीच पिंपं, आणि तरी वरच्या खडकाळ तुकड्यातली वाईन ताठ, आंबट-खारट अंगाची, तर दोनशे मीटर खालची गोलसर आणि गडद. बाकी सगळं सारखं ठेवलं म्हणूनच जमिनीचा फरक उरतो आणि दिसतो. एका कारागिराच्या हातून दर वर्षी पंधरा तुकड्यांची तुलना होत राहते. सलग मोठी बाग असलेल्या माणसाला हे शिक्षण मिळत नाही. वाटणीने लादलेली ही शाळा आहे असं मी मानतो.

लाल वाईनची कृती लांब सांगत नाही. घड हाताने तोडून निवडतात. देठ काढायचे की काही घड देठासकट टाकीत घालायचे यावर तिथे घराघरांत मतभेद. जायेर पूर्ण देठ काढायचे. रोमाने-काँतीची मंडळी देठ ठेवण्यासाठी ओळखली जातात. मला नाशिकमध्ये देठ घालायला धीर होत नाही, आपल्याकडे ते हिरवेच राहतात. चार-पाच दिवस थंड भिजवण, मग द्राक्षावरच्याच यीस्टने आंबवण, तापमान तिशीपर्यंत. साली वर तरंगून घट्ट थर धरतात; तो दिवसातून एक-दोनदा खाली दाबायचा. काही घरी अजून माणूस टाकीत उतरून पायांनी दाबतो. टाकीच्या तोंडाशी कार्बन डायऑक्साइड साचलेला असतो, त्याने माणूस क्षणात बेशुद्ध पडतो. म्हणून एकट्याने टाकीवर चढायचं नाही हा नियम कधीच मोडायचा नसतो. दोन-तीन आठवड्यांनी पिंपात, मग बारा ते अठरा महिने थंड तळघरात. वसंतात ऊब आली की वाईन पुन्हा हळूच बुडबुडते: तीव्र मॅलिक आम्लाचं सौम्य लॅक्टिक आम्ल होतं.

आता पैसा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत ही घरं वाईन स्वतः विकत नव्हती. पिंपं बोन आणि न्वी गावांतल्या व्यापाऱ्यांना जायची, आणि ते त्यात दक्षिणेकडची, अल्जीरियाची वाईन मिसळून मोठ्या नावाने विकायचे. वोल्नेचे मार्की दांजेरविल, न्वी-सँ-जॉर्जचे आंरी गूज आणि जेव्रे-शांबेर्तांचे आर्माँ रूसो यांनी या भेसळीविरुद्ध उघड आवाज उठवला. व्यापाऱ्यांना शिंगावर घेतल्यावर स्वतःच बाटल्या भरून स्वतःच गिऱ्हाईक शोधावं लागलं, आणि त्यातूनच शेतकऱ्याच्या नावाची बाटली ही कल्पना रुजली. १९३५ मध्ये नावांना कायद्याचं संरक्षण आलं. शेतकरी व्यापाऱ्याच्या हाताखालून निघाला तो असा.

आज उलट अडचण आहे. लंडन, न्यूयॉर्क, हाँगकाँगच्या लिलावात बाटलीला जो आकडा ऐकू येतो तो शेतकऱ्याच्या खिशात येत नाही. घर आपल्या नेहमीच्या आयातदारांना ठरलेल्या दराने ठरलेल्या बाटल्या देतं. पुढचा नफा मधल्यांचा. पण जमिनीची किंमत मात्र त्या लिलावाच्या हिशोबाने वाढते. ग्राँ क्रूचा हेक्टर आज सरासरी काही दशलक्ष युरोंना जातो. बाप गेला की मुलांच्या वारसाकराचा हिशोब या किमतीवर. फ्रान्समध्ये दर मुलामागे एक लाख युरोंची सूट, आणि वरच्या टप्प्यात कर ४५ टक्क्यांपर्यंत. दीर्घ मुदतीने कसायला दिलेल्या जमिनीला सवलती आहेत, तरी आठ हेक्टरांवर बेचाळीस हजारांच्या आसपास बाटल्या काढणाऱ्या घराला हा कर वाईनच्या उत्पन्नातून भरणं जड जातं.

तोडगा म्हणून बरीच घरं जमिनीची घरगुती कंपनी करतात. जमीन कंपनीची, भावंडांकडे भाग, आणि जो एक जण खरोखर शेतात आहे तो कंपनीकडून ती खंडाने घेतो. तुकडा कागदावर वाटला जातो, जमिनीवर नाही. पण खंड सरकारी दराने बांधलेला आणि कमी. शहरात नोकरी करणाऱ्या बहिणीकडे कोट्यवधींचे भाग असतात आणि वर्षाला हाती येतात थोडेसे युरो आणि बाटल्यांच्या काही पेट्या. दोन पिढ्यांनी असे भागधारक पंधरा होतात. त्यांतल्या एकाला घर घ्यायचं असतं, एकाला कर्ज फेडायचं असतं, आणि विकायचा विषय निघतो. त्यांच्यावर मी राग धरू शकत नाही. मूल्य त्यांच्या नावावर आहे, वापर दुसऱ्याचा आहे. क्लो दे लांब्रे ही बाग २०१४ मध्ये एलव्हीएमएच या चैनीच्या वस्तूंच्या समूहाने घेतली. ११४१ पासूनची क्लो द तार, साडेसात हेक्टर, तोवरच्या साऱ्या इतिहासात अवघे तीन मालक पाहिलेली बाग. २०१७ मध्ये ती उद्योगपती फ्रांस्वा पिनो यांच्या आर्तेमी कंपनीकडे गेली. वाईन वाईट झाली असं मी म्हणणार नाही. पण अशा किमतीला शेजारच्या शेतकऱ्याचा मुलगा आता एक ओळही विकत घेऊ शकत नाही, आणि याचं मला मनापासून दुःख आहे.

मग तुमच्या सात एकरांचं काय? पिनो न्वारचा विचार सोडा. तिला थंड हिवाळा आणि लांब, सौम्य उन्हाळा लागतो, दिंडोरीत ती फेब्रुवारीच्या उन्हात साखर भरभर चढवते आणि वास गमावते. शिराझ तुम्हाला मानवली आहे, तीच ठेवा. तीन एकरांवर स्वतःची वायनरी हा मार्गही मी आज सुचवणार नाही. महाराष्ट्राच्या २००१ च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणानंतर परवाने सोपे झाले हे खरं, पण टाक्या, थंड करण्याची यंत्रणा, बाटल्या आणि उत्पादन शुल्काचं काम तिघा भावांची ओढाताण करेल.

वाटणीबद्दल मात्र माझं मत ठाम आहे. प्रत्येक प्लॉटचे तीन भाग करू नका. शिराझ अख्खी एकाकडे ठेवा, किंवा तिघांच्या नावावर ठेवून एकानेच कसावी आणि बाकीच्या दोघांना द्राक्षांच्या दराशी बांधलेला हिस्सा लेखी मिळावा. खंडाची रक्कम कायमची गोठवू नका. बर्गंडीत घरं नेमकी तिथेच चिघळली. फवारणी आणि ट्रॅक्टर तिघांत एकच ठेवा.

आणि वाटणीच्या आधी एक हंगाम घ्या. शिराझच्या त्या तीन एकरांत उताराच्या वर, मधे आणि खाली मीटर-दीड मीटरचे तीन खड्डे घेऊन मुरूम कुठे लागतो, मुळं कुठवर जातात ते बघा. तोडणीच्या वेळी तिन्ही ठिकाणचे क्रेट वेगवेगळे भरा, त्यांवर चिठ्ठ्या लावा, आणि ज्या वायनरीला माल देता तिथल्या वाईनमेकरला प्रत्येकी दोन-तीनशे किलो वेगळे आंबवायला सांगा. परवाना त्यांच्याकडे आहे आणि चांगला वाईनमेकर याला नाही म्हणणार नाही. तीन नमुने सहा महिन्यांनी तिघा भावांनी एकत्र बसून, कुठला कुठला हे न सांगता चाखा. फरक लागला तर कुठली ओळ कुणाकडे जावी, आणि वायनरीकडे कुठल्या मालाचा वेगळा दर मागावा, हे दोन्ही त्यातून कळेल. फरक लागला नाही तर मोजणीवाल्याला बोलवा आणि सोयीने वाटून घ्या.